हिमप्रकाश आणि माणसाचा चेहरा

एटापल्लीच्या साग-बांबूंच्या रानांत बसून हिमशिखरांवरील छायाचित्रणाची चर्चा करणें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु मे २०१८ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले, आणि १९८२ पर्यंत चंद्रपुराचाच भाग असलेल्या या मुलुखासही बर्फ परकें राहिलें नाहीं. अशा चढाईच्या चित्रानें काय साधावें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शिखरचित्रांची रीत ठरून गेली आहे: हातांत ध्वज, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. पुरावा म्हणून हें पुरेसें आहे. माणूस मात्र त्यांत सांपडत नाहीं. माथ्यावर त्यास इलाज नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु खालच्या तळावर, तंबूच्या दाराशीं, चेहरा उघडा असतांही तो चित्रांत काळवंडतो, तेव्हां दोष यंत्रावरील अंधविश्वासाचा होय. प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करडें आहे असें धरून चालतो. ताजें बर्फ तर अंगावरील उजेडाचा शेंकडा ८० ते ९० भाग परत फेंकतें. यंत्र फसून उजेड आंखडतें. बर्फ राखेसारखें मळकट होतें आणि सांवळा चेहरा काळोखांत बुडतो. यावर उपाय साधा आहे: उजेड दुप्पट, प्रसंगीं चौपट द्यावा.

यावर असा आक्षेप येईल कीं, मग बर्फाची पोत नष्ट होईल. व्हित्तोरियो सेल्ला यानें १९०९ च्या के-टू मोहिमेंत तिरप्या उन्हांतील बर्फाची घडी न् घडी टिपली, हें खरें. पण त्याच्या विस्तीर्ण हिमदृश्यांत माणूस बहुधा उंचीच्या मापापुरता ठिपका असतो. येथें माणूस हाच विषय आहे. चित्रकारानें जवळ जावें, बर्फाचा नव्हे तर चेहऱ्याचा उजेड मोजावा. खालून उसळणारा हिमप्रकाश टोपीच्या सावलींतले डोळेही उजळतो. बर्फच येथें सहाय्य करतें.

आमच्या रानांत नेमकी उलट चूक घडते. गर्द सावलींत यंत्र उजेड वाढवितें. माडिया माणसाचा सांवळा वर्ण फिका पडतो, डोईचें पांढरें फडकें जळून जातें. दोन्हीं ठिकाणीं यंत्राच्या ‘मध्यमां’त आमचा माणूस बसत नाहीं. तो बसविणें हें पाहणाऱ्याचें काम आहे. एव्हरेस्टचें चित्र घरीं आलें असतां आईस ध्वजाआधीं आपलें मूल ओळखूं यावें. यापेक्षां कठीण कसोटी आम्हांस सुचत नाहीं.