अक्षर, प्रतिमा आणि स्वाध्याय : ग्राफिक डिझाइनच्या अध्यापनाची एक चिकित्सा (भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ग्राफिक डिझाइन किंवा उपयोजित कला ही केवळ व्याख्याने ऐकून आत्मसात होणारी विद्या नव्हे. ती स्वाध्यायांतून शिकावी लागते. ठिपका, रेषा, काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण, एका अक्षराची मांडणी, दोन अक्षरांमधील मोकळी जागा अशा लहान लहान स्वाध्यायांची चढती मालिका हा या विषयाच्या अध्यापनाचा कणा मानला गेला आहे. म्हणून या विषयाच्या अभ्यासक्रमाची चिकित्सा करताना उद्दिष्टांच्या यादीपेक्षा स्वाध्यायांकडे पाहणे अधिक उचित ठरते. उद्दिष्टे कागदावर राहतात; हाताला लागलेले वळण मात्र विद्यार्थ्याबरोबर जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवी स्तरावर व्यावसायिक व कौशल्याधारित अभ्यासक्रमांना स्थान मिळाले आहे. त्यामुळे जेथे कलाशाखेचा स्वतंत्र विभाग नाही, अशा महाविद्यालयांतील प्राध्यापकांपुढेही ग्राफिक डिझाइनचे लघु अभ्यासक्रम आखण्याचा प्रश्न उभा राहू शकतो. अशा वेळी संगणकप्रणालीतील आज्ञांची यादी हाच अभ्यासक्रम समजण्याचा धोका असतो. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत निबंधात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. प्रचलित स्वाध्यायांची परंपरा कोठून आली? देवनागरी लिपीच्या संदर्भात ती कोठे अपुरी पडते? आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या स्वाध्यायांसाठी कोणते साहित्य उपलब्ध आहे?

स्वाध्यायपद्धतीचा वारसा

आधुनिक स्वाध्यायपद्धतीचे एक मूळ जर्मनीतील बाउहाउस (१९१९ ते १९३३) या संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात आहे. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या कलाशाळेत आर्मिन हॉफमन आणि एमिल रुडर यांनी ही पद्धती काटेकोर केली. हॉफमन यांचे ग्राफिक डिझाइनविषयक पुस्तक १९६५ मध्ये आणि रुडर यांचे टायपोग्राफीवरील पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. हॉफमन यांच्या अध्यापनात ठिपका व रेषा यांपासून प्रतिमेपर्यंतचा प्रवास आहे. रुडर यांच्या अध्यापनात अक्षराच्या काळ्या भागाइतकेच त्याच्या आतील व भोवतीच्या पांढऱ्या भागाला महत्त्व आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये सर ज. जी. उपयोजित कला संस्था स्वतंत्र झाली. त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली, तर १९६९ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. विदर्भातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय हे जवळचे केंद्र आहे.

या वारशाचे ऋण मान्य करूनही एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. बाझेलचे स्वाध्याय रोमन लिपीवर आधारलेले आहेत. रोमन अक्षर खालच्या आधाररेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर वरच्या शिरोरेषेला लटकलेले असते. रोमनमध्ये स्वर आणि व्यंजन एकाच ओळीत शेजारी बसतात. देवनागरीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर, खाली, पुढे आणि मागे अशी चहूबाजूंनी येतात. रोमन लिपीत कॅपिटल आणि लहान अक्षरांचा भेद ओळीत श्रेष्ठ-कनिष्ठता निर्माण करतो. देवनागरीत हा भेदच नाही, म्हणून तेथे शीर्षक व मजकूर यांतील फरक जाडी, आकार व अंतर यांतून साधावा लागतो. तेव्हा केवळ अक्षरे बदलून जुना स्वाध्याय तसाच वापरल्यास विद्यार्थ्याच्या हाती देवनागरी पडते, पण तिचे व्याकरण पडत नाही.

शालेय पातळीवरील विभाजन

हा प्रश्न महाविद्यालयात अचानक उद्भवत नाही. महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांचा कलाशिक्षणाशी पहिला औपचारिक परिचय कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांमधून, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांमधून झाला आहे. खेड्यापाड्यातील मुलांपर्यंत चित्रकला नेण्याचे श्रेय या परीक्षांना द्यावेच लागेल. मात्र त्यांच्या परंपरागत रचनेत अक्षरलेखन हे कर्तव्यभूमितीच्या सोबत आले आणि स्मरणचित्र व संकल्पचित्र यांचे पेपर वेगळे राहिले.

या विभागणीचा परिणाम सूक्ष्म आहे. अक्षर म्हणजे पट्टी, कंपास व चौकटी यांच्या साहाय्याने मोजून काढायची वस्तू, आणि चित्र म्हणजे कल्पनेचे क्षेत्र, अशी समजूत बालवयातच दृढ होते. ग्राफिक डिझाइनचे सारे कार्य मात्र या दोहोंच्या संयोगावर उभे आहे. भित्तिपत्रकावरील शब्द वाचलाही जातो आणि पाहिलाही जातो. जो विद्यार्थी अक्षराकडे प्रतिमा म्हणून आणि प्रतिमेकडे विधान म्हणून पाहू शकत नाही, तो आधी छायाचित्र लावतो आणि उरलेल्या जागेत मजकूर कोंबतो.

देवनागरीचे व्याकरण

बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्रिखंडात्मक ग्रंथ या क्षेत्रातील मूलभूत ग्रंथ होय. खिळ्यांच्या मुद्रणकाळातील प्रश्नांचाही या संदर्भात विचार व्हायला हवा. 'अखंड' पद्धतीत स्वरचिन्हासह अक्षर एकाच खिळ्यावर असे, तर 'डिग्री' पद्धतीत अक्षर व वरखालची चिन्हे निरनिराळ्या खिळ्यांतून जुळवली जात. म्हणजे देवनागरीची ओळ ही एकपदरी नसून अनेक थरांची आहे, हे जुळाऱ्याला हाताने कळत होते. संगणकाने ते जुळवणे अदृश्य केले. युनिकोड आणि आधुनिक फाँटमुळे जोडाक्षर आपोआप तयार होते, ही मोठीच सोय आहे; परंतु ओळींमध्ये किती अंतर ठेवावे, कोणते अक्षर किती जाड करावे, याचा विवेक फाँट पुरवीत नाही.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. देवनागरीत 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध', 'य' आणि 'थ' या जोड्यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेच्या डाव्या बाजूच्या खंडावर अवलंबून आहे. अक्षर अवाजवी जाड केले, त्याला बाहेरून किनार लावली किंवा छाया दिली, की हा खंड बुजतो. भंडारा हा धान पिकवणारा जिल्हा आहे. धान खरेदी केंद्राच्या फलकावर 'ध' चा खंड बुजला की 'धान' चे 'घान' होते, आणि जिल्ह्याच्या नावातील 'भ' हा 'म' सारखा दिसू लागतो. सवयीने वाचणाऱ्याला संदर्भावरून अर्थ लागतो. नवसाक्षर, वृद्ध किंवा धावत्या बसमधून पाहणाऱ्या वाचकाला तो लागेलच असे नाही. दवाखान्याची सूचना, निवडणुकीचा फलक, पुराचा इशारा अशा मजकुरांत ही त्रुटी केवळ सौंदर्याची राहत नाही.

दुसरा मुद्दा अक्षररूपांचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे निश्चित केली. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची रूढ वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि आजही त्याची सीमा त्या राज्याला लागून आहे. येथे हिंदी व मराठी अक्षरवळणे शेजारी नांदतात. त्यांतील कोणते कोठे वापरावे, हे विद्यार्थ्याला डोळसपणे ठरवता यायला हवे. फाँटने जे दिले ते स्वीकारणे हा निर्णय नव्हे, निर्णयाचा अभाव होय.

सुलेखनाची परंपरा आणि तिची मर्यादा

या उणिवेवर मराठी परंपरेतून मिळालेले सर्वांत समर्थ उत्तर म्हणजे र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचे कार्य. जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक, काँक्रीट कविता लिहिणारे कवी, औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक आणि विंडोज प्रणालीतील 'मंगल' या देवनागरी फाँटचे संकल्पक अशी त्यांची विविध रूपे आहेत. कवितेत त्यांनी अक्षराला चित्र मानले आणि फाँटमध्ये त्याच अक्षराला कार्यालयीन मजकुराची शिस्त लावली. अच्युत पालव यांनी मोडी व देवनागरीच्या अभ्यासातून सुलेखनाला लोकप्रियता मिळवून दिली. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांतून अक्षरातच नाटकाचा स्वभाव व्यक्त करून दाखवला.

तथापि या परंपरेचा स्वीकार एकांगी झाला, असे म्हणावे लागते. कार्यशाळांतून सुलेखनाची प्रात्यक्षिके होतात, एकेका अक्षराची मोठी, आवेशपूर्ण चित्रे निर्माण होतात आणि त्यांचे कौतुकही होते. परंतु एका परिच्छेदाची मांडणी, प्रवेश अर्जाचा नमुना, वेळापत्रक, औषधाच्या मात्रेची सूचना हे स्वाध्याय तुलनेने उपेक्षित राहतात. सुलेखन हे अक्षराच्या घडणीचे ज्ञान देते. ते मांडणीच्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. जोशी यांच्या कार्यातील पहिली बाजू अनुकरणीय ठरली आणि दुसरी, कष्टाची बाजू दुर्लक्षित राहिली, हा त्या परंपरेचा दोष नसून तिच्या वाचनाचा दोष आहे.

भंडारा जिल्ह्यातील स्वाध्याय-साहित्य

स्वाध्यायांसाठी लागणारे साहित्य महानगरातूनच आणावे लागते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या संयुक्त उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्याचा वृत्तांत शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील एका शिल्पात मुचलिंद नागाची आकृती असून तिच्यासोबत ब्राह्मी लिपीत नागाचे नाव कोरलेले आहे. चित्र आणि त्याचे नामलेखन एकाच दगडावर, एकाच छिन्नीच्या संस्कारातून आलेले हे उदाहरण म्हणजे अक्षर-प्रतिमा संबंधाचा जिल्ह्यातील प्राचीन पाठच होय. ब्राह्मीला शिरोरेषा नाही. पुढे विदर्भातील वाकाटक ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी दिसते आणि नागरीत अखंड आडवी रेषा येते. हा क्रम हाताने रेखाटला, तर शिरोरेषा ही आरंभापासूनची अटळ वस्तू नसून घडत गेलेली रचना आहे, हे विद्यार्थ्याला उमगते.

प्रतिमानिर्मितीसाठी कोसा रेशमावरील करवतकाठीचे उदाहरण घेता येईल. करवतीच्या दात्यांसारखी किनार ताण्याबाण्याच्या मर्यादेतच साकारते; वक्ररेषाही तेथे लहान पायऱ्यांनीच काढावी लागते. चौकटीच्या कागदावर केवळ काळ्या-पांढऱ्या चौकोनांतून आकृती साधण्याचा हॉफमनप्रणीत स्वाध्याय येथे जिवंत व्यवसायाशी जोडला जातो. तसेच झाडीपट्टी रंगभूमीची जाहिरातपत्रके अभ्यासता येतील. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांच्या पत्रकांवर नाटकाचे नाव, कलावंतांची छायाचित्रे, गाव, तारीख व तिकीट यांची गर्दी असते. तिला अभिरुचिहीन म्हणून नाकारणे सोपे आहे. परंतु प्रेक्षकाला प्रथम काय कळायला हवे, या निकषावर त्याच मजकुराची केवळ दोन आकारांत व एका रंगात पुनर्मांडणी करणे हा मजकुराच्या क्रमनिश्चितीचा उत्तम स्वाध्याय ठरेल.

अक्षरांकनासाठी जिल्ह्यातील सात तालुक्यांची नावे पुरेशी बोलकी आहेत : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. यांत अनुस्वार, काना, दीर्घ वेलांटी, ओकार, ऱ्हस्व व दीर्घ उकार येतात. मात्र एकही जोडाक्षर, रफार किंवा ऱ्हस्व वेलांटी येत नाही. ती उणीव 'झाडीपट्टी', 'गोसेखुर्द' आणि 'चिखला' या शब्दांनी भरून निघते. 'गोसेखुर्द' या एकाच शब्दात ओकार, एकार, उकार आणि रफार असल्याने ओळीच्या वरच्या व खालच्या दोन्ही थरांची कसोटी लागते. हे दहा शब्द प्रथम बोरूने, नंतर कागद कापून आणि शेवटी संगणकावर मांडले, तर देवनागरीच्या बहुतेक मूलभूत समस्या दहा-बारा तासिकांत हाताखालून जातात.

संभाव्य आक्षेप

स्थानिक साहित्याचा आग्रह विद्यार्थ्याला संकुचित करील, त्याला पुण्या-मुंबईच्या व्यवसायात स्पर्धा करता येणार नाही, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्याचा अंश आहे. रोमन टायपोग्राफीचे ज्ञान आजच्या व्यवसायात अपरिहार्य आहे आणि ते वगळण्याचे कारण नाही. परंतु बाझेलचे स्वाध्यायही त्यांच्या भूमीतील मुद्रणव्यवहारातूनच घडले होते. त्यांच्यापासून घ्यायची गोष्ट आहे ती पद्धती : मर्यादा घालून देणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि झालेल्या बदलाचे कारण शब्दांत मांडायला लावणे. साहित्य मात्र ज्याचे त्याने शोधावे.

निष्कर्ष

१. ग्राफिक डिझाइनचे प्रचलित स्वाध्याय पद्धती म्हणून मोलाचे आहेत. परंतु त्यांची लिपिविषयक गृहीतके रोमन आहेत. देवनागरीसाठी स्वाध्यायांची नव्याने रचना आवश्यक आहे.

२. अक्षरलेखन व चित्रनिर्मिती यांची शालेय पातळीपासूनची फारकत महाविद्यालयीन अभ्यासक्रमाने जाणीवपूर्वक मिटवली पाहिजे.

३. सुलेखनाच्या जोडीला दैनंदिन मजकुराच्या मांडणीचे स्वाध्याय मूल्यमापनात समान भाराने यावेत.

४. लघु कौशल्य अभ्यासक्रमात संगणकापूर्वी हाताने करावयाच्या स्वाध्यायांना निश्चित तासिका असाव्यात. मराठीचे, इतिहासाचे आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक एकत्र आल्यास कलाविभाग नसलेल्या महाविद्यालयातही हे शक्य आहे.

फलक लिहिणारा, पत्रिका मांडणारा आणि सूचना छापणारा तरुण बहुधा गावातील डीटीपी केंद्रातच शिकतो, कारण त्याला दुसरी शाळा उपलब्ध नसते. त्याच्या हातून निघालेला मजकूर मात्र संपूर्ण गाव वाचते. 'ध' आणि 'घ' यांतील तेवढी मोकळी जागा त्याला दिसावी, इतके शिकवण्याची जबाबदारी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी स्वीकारणे अगत्याचे आहे.