बिराहिमाच्या शिव्या आणि आपली मराठी

युद्धात लढवल्या गेलेल्या मुलांविषयी वाचताना वाचकाला एक सोय हवी असते. मुलगा मुळात निरागस असावा, त्याला कुणीतरी बिघडवलेलं असावं आणि शेवटी तो माणसांत परतावा. आयव्हरी कोस्टचे लेखक अमादू कुरुमा यांची फ्रेंच कादंबरी ‘अल्ला ने पा ओब्लिजे’ (२०००) ही सोय नाकारते. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : अल्लावर कसली सक्ती नाही.

निवेदक बिराहिमा दहा-बारा वर्षांचा मालिंके मुलगा आहे. आई वारल्यावर तो मावशीच्या शोधात लायबेरियाकडे निघतो. सोबत याकुबा नावाचा भोंदू मांत्रिक. पोटभर जेवण, पैसा आणि कलाश्निकॉव्ह मिळते हे ऐकून बिराहिमाला स्वतःलाच ‘स्मॉल सोल्जर’ व्हायचं असतं. आधी लायबेरिया, मग सिएरा लिओन. चार्ल्स टेलर, प्रिन्स जॉन्सन, फोडे सांको हे युद्धखोर इथे खऱ्या नावांनी वावरतात. आपण माणसं मारली, हे बिराहिमा सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपली कीव करावी अशी त्याची अपेक्षा नाही.

हे सांगायला त्याच्याजवळ चार शब्दकोश आहेत, एका मेलेल्या दुभाष्याचे. अवघड फ्रेंच शब्द आला की तो कंसात अर्थ देतो, आफ्रिकी वाचकासाठी. आफ्रिकी शब्द आला की पुन्हा कंस, गोऱ्या वाचकासाठी. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा अशा रीतीने दोन जगांना एकमेकांची भाषा शिकवतो. उझोदिन्मा इवेला यांच्या ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’मध्येही (२००५) अशाच मुलाची मोडकी इंग्रजी आहे, पण तिथे देशाला नाव नाही आणि ती भाषा मुलाच्या मनातच घुमत राहते. बिराहिमा आपल्याशी बोलतो, आपल्याला गृहीत धरून, टोचून.

मराठीत पहिली अडचण इथेच येते. आपण ना मालिंके, ना फ्रेंच. दोन्ही बाजूंचे शब्द आपल्याला सारखेच परके, म्हणजे प्रत्येक कंस नुसती माहिती पुरवणारी तळटीप होऊन बसणार आणि त्यातली खोच जाणार. दुसरी अडचण बोलीची. प्रमाण मराठीत हा मुलगा पाठ्यपुस्तकातला वाटेल. वऱ्हाडी किंवा मालवणी दिली तर तो आपल्या ओळखीचा, गमत्या खेडवळ पोरगा होईल. दोन्हीकडे त्याचा धाक संपतो.

खरी कसोटी शिव्यांची. ‘फाफोरो’ हा शब्द तो सतत वापरतो. त्यात उल्लेख बापाच्या लिंगाचा आहे. मराठी शिवी मात्र सहसा आईकडे वळते. अनुवादकाच्या हाताला सहज लागणारी शिवी तीच. पण बिराहिमाची आई सडलेल्या पायाने जमिनीवर फरफटत जगली. ती चेटकीण आहे असं ऐकून त्याने तिला तोडलं, आणि तो आरोप खोटा होता हे तिच्या मृत्यूनंतर कळलं. आपण शापित आहोत असं तो मानतो ते या दुखावण्यामुळे. त्याच्या तोंडी आईवरची शिवी घालणं म्हणजे त्याची एकमेव हळवी जागा पुसणं. ‘श्यामची आई’वर पोसलेल्या आपल्या कानाला आईपाशी अपराधी ठरलेला मुलगा चांगला ठाऊक आहे, फरक इतकाच की श्यामची चूक सुधारायला आई होती. म्हणून ‘फाफोरो’ मराठीत ‘फाफोरो’च राहावं.

‘बालसैनिक’ या शब्दाबद्दलही हेच. बालवाडी, बालगीत, बालवीर या पंगतीत बसलेलं ‘बाल’ ऐकताच आपण विरघळतो. ‘पोरगा शिपाई’ ओबडधोबड आहे, पण वस्तुस्थितीच्या जवळ जाणारा.

कादंबरी निर्दोष नाही. मधल्या भागात लायबेरिया-सिएरा लिओनचा राजकीय इतिहास लांबतो आणि मुलाच्या तोंडून कुरुमाच बोलू लागतात. तिला पुन्हा उभं करतात ती मृत्युलेखासारखी भाषणं. असं भाषण प्रसिद्ध व्यक्तीसाठी असतं, असं कोश सांगतो. शतकाच्या अखेरीस पोरग्या शिपायाइतकं प्रसिद्ध कोण, असा बिराहिमाचा युक्तिवाद. मेलेला सोबती कुठून आला, बंदुकीपर्यंत कसा पोचला, हे तो सांगतो. पण मनात असेल तरच. नसेल तर तो पुढे निघतो; त्याच्यावरही सक्ती नाही.

कुरुमा २००३ साली वारले. २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल टेलरला पन्नास वर्षांची शिक्षा दिली. १५ वर्षांखालच्या मुलांची सैन्यभरती हा त्यातलाच एक गुन्हा. न्यायालयाला ही मुलं बळी म्हणून दिसली, आणि तसंच दिसायला हवं होतं. कादंबरीचं काम वेगळं आहे. बळी गेलेल्या मुलाने केलेल्या हत्याही ती त्याच्याच तोंडून ऐकवते, आणि त्याला माफ करायची घाई करू देत नाही. मराठी अनुवादानेही ती घाई करू नये.