कोणी कोणास म्हटले?

यंदा उन्हाळ्यात आम्ही नवी मोटार घेतली. किनवटाहून भोकरमार्गे नांदेड गाठायचे म्हणजे सारी सकाळ जाते. तेव्हा गाडीत गाण्याची सोय काय आहे, हे मी इंजिनाच्या आधी पाहिले. भला मोठा पडदा होता. सीडी घालायची फट नव्हती. आता बहुतेक नव्या गाड्यांतून ती गेलीच आहे. वडिलांनी निवृत्तीनंतर एकेक करून जमविलेल्या सीडी मजपाशी आहेत, त्यांत 'गीतरामायणा'चा संच. पुतण्याने तो पेन ड्राइव्हवर उतरवून दिला. "काका, छप्पन्नच्या छप्पन्न आली," म्हणाला.

आली खरी. पण गाडीने ती रोमन वर्णानुक्रमाने लावली. वाल्मीकी शिष्यांना राजापुढे गायला पाठवितो ते अखेरचे गीत 'ग'ने सुरू होते. ते शिष्य रामापुढे गात आहेत ते पहिले गीत 'स'ने. त्यामुळे भोकर यायच्या आत रामायण संपले, आणि सुरू व्हायचे अजून राहिलेच होते!

आवाजाची प्रत उतरली, अशी तक्रार पुष्कळ रसिक करतात. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात, पेन ड्राइव्हसाठी आकार आवळताना त्यांतील काही टाकले जाते, हे खरे. आमच्या रस्त्यावर जे टाकले त्याचा शोध घेण्याची सोय नाही. चाकांचा खडखडाट त्याहून जास्त गिळतो. माझे दुखणे निराळे आहे.

माडगूळकर-फडके यांची ही गीते १९५५ च्या एप्रिलपासून १९५६ च्या एप्रिलपर्यंत पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी आली. तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे निरनिराळे गळे होते. ध्वनिमुद्रिकांवर मात्र सारे एकट्या फडक्यांनी गाइले. म्हणजे कौसल्या, शबरी, सीता, दशरथ हे सारे एकाच गळ्यातून बोलतात. कीर्तनकाराची हीच रीत, आणि फडके ती विलक्षण संयमाने पाळतात. स्त्रीचे गीत म्हणताना आवाज बायकी करण्याचा मोह त्यांना होत नाही. पण मग आता कोण बोलत आहे, हे श्रोत्याला कळते कशावरून? काही शब्दांवरून, आणि पुष्कळसे मागच्या गीतावरून. जे काम आकाशवाणीवर गळ्यांनी केले, ते मुद्रिकांवर क्रमाला करावे लागते. क्रम काढून घेतला की उरतो तो एक गोड आवाज.

याचा पडताळा पाहायचा तर चित्रकूटावरचे, राम भरताची समजूत घालतो ते गीत घ्यावे. आमच्याकडे ते तेराव्या दिवशी हटकून लावतात. वडिलांच्या तेराव्यालाही लावले होते. सुटे ऐकले की ते सर्वांना लागू पडणारे तत्त्वज्ञान होते, आणि मला ते थोडे थंडही वाटले होते. भरताच्या संतापानंतर ऐकावे, तर तीच कडवी एका भावाने दुसऱ्याला दिलेला नकार होतात. स्वतःवरही पुरता विश्वास नसलेला माणूस धाकट्याला धीर देत आहे, असे वाटू लागते. कादंबरीतले चांगले वाक्य वेचून भिंतीवर टांगावे, तसे आपण या गीताचे केले आहे. (माझ्या कादंबरीतले कोणी अजून टांगलेले नाही, हा भाग वेगळा.)

परत आल्यावर मी सीडीच्या डब्या काढल्या. वडिलांनी प्रत्येक डबीतल्या कागदावर पेन्सिलीने गीतापुढे दोन नावे लिहिली होती: कौसल्या – राम, भरत – कैकेयी, शूर्पणखा – रावण. परीक्षेत मी दर वर्षी सहावीला 'कोणी कोणास म्हटले?' हा प्रश्न घालतो, दोन गुणांचा. त्यांनी छप्पन्नांचीही उत्तरे लिहून ठेवली होती. मधूनच कोणी गाणे लावले की ते का चिडत, हे तेव्हा विचारायचे राहिले.

पुतण्याला बसवून प्रत्येक नावाआधी आकडे घातले: ०१, ०२, असे. नुसता २ घातला तर गाडी १० त्याच्या आधी लावते, हे एकदा फसल्यावर कळले. त्यानंतर दोन वेळा नांदेडला आणि एकदा माहूरला जाऊन आलो. माहूरहून उतरताना छप्पन्नावे गीत संपले. शिष्य निघाले. गाडीने काही न विचारता पुन्हा पहिले लावले.