‘फुगणे’ आणि ‘स्रवणे’ : एका शास्त्रीय वाक्याची चिकित्सा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून वैशाखातील भर दुपारी चालणारा मनुष्य ‘घशाला कोरड पडली’ असे म्हणतो. तहानेची मुख्य जाणीव मेंदूत होते, हे शरीरशास्त्राचे मत त्याला ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. बोलीतील अशी लाक्षणिकता निरुपद्रवी होय. शास्त्रीय गद्यातील शब्दयोजना मात्र तशी राहत नाही. ‘पेशी फुगली म्हणजे संप्रेरक स्रवते’ हे वाक्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

ते निराधार नाही. पोष ग्रंथीच्या अग्रखंडातील पेशी सुट्या करून विरल द्रावणात ठेवल्या असता फुगतात आणि प्रोलॅक्टिन सोडतात. परंतु मेंदूच्या तळाशी, अधश्चेतकात, व्हॅसोप्रेसिन निर्माण करणाऱ्या चेतापेशींचे वर्तन नेमके उलट आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात मिठाचे तीव्र द्रावण मिसळल्यास मूत्र घटते, असे व्हर्नी यांनी १९४७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले. ओलिए व बूर्क यांनी १९९३ साली त्यामागील यंत्रणा दाखविली. या पेशी आकसल्या की त्यांच्या आवरणातील ताणसंवेदी मार्ग उघडतात, आवेग वाढतात आणि व्हॅसोप्रेसिन अधिक सुटते. त्या फुगल्या की मार्ग मिटतात व स्राव ओसरतो.

मग उपर्युक्त वाक्य फसवे का ठरते? मराठीतील ‘म्हणजे’ काल, अट आणि समानार्थ ही तिन्ही कार्ये करतो. त्यामुळे एका पेशीवरील निरीक्षणास सार्वत्रिक नियमाचे रूप येते. ‘स्रवणे’ हे अकर्मक क्रियापद भरलेली पिशवी ओसंडल्याचे चित्र उभे करते. आवेगाचे आगमन, कॅल्शियमचा प्रवेश, कणिकांचे उत्सर्जन हे मधले दुवे त्या चित्रात लोपतात.

हा दोष केवळ शैलीचा नव्हे. रक्त विरल झाले असताही व्हॅसोप्रेसिन सुटतच राहिले, तर ती विकृती होय. मळमळ, वेदना किंवा फुप्फुसाचा विशिष्ट अर्बुद यांसारखे कारण तेथे शोधावे लागते. शोध लांबला तर शरीरात पाणी साठून मेंदूच सुजू शकतो. फुगण्यामुळे स्राव होतोच, असे मानणाऱ्या अभ्यासकास मात्र ही विकृती स्वाभाविक वाटेल आणि प्रश्नच पडणार नाही. म्हणून ‘कोणती पेशी’ हे पद वाक्यात आलेच पाहिजे. जे वाक्य प्रश्न उद्भवू देत नाही, ते सुबोध असले तरी शास्त्रीय नव्हे.