घाऊक धान्यदर आणि सरासरीचा प्रश्न : वाशी बाजाराच्या संदर्भात

विकसनशील देशातील अन्नधान्याच्या किमतींचा कालानुक्रमिक अभ्यास हा अर्थशास्त्रातील जुना विषय आहे. महाराष्ट्रात अशा अभ्यासासाठी नवी मुंबईतील वाशी येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे दर आधारभूत मानण्याकडे कल दिसतो. मशीद बंदर परिसरातील दाणाबंदराचा घाऊक व्यापार १९९० च्या दशकात येथे स्थलांतरित झाला. दैनंदिन दर सहज उपलब्ध असल्याने वार्षिक सरासरी काढणे, तिचा आलेख मांडणे व त्यावरून शेतकऱ्यास मिळालेल्या भावाविषयी निष्कर्ष काढणे सोपे होते. ही पद्धत सदोष आहे.

पहिला दोष स्थानाचा आहे. वाशी ही उत्पादकाची नव्हे, उपभोक्त्या महानगराची बाजारपेठ आहे. येथील गहू प्रामुख्याने परराज्यांतून आणि तोही व्यापाऱ्यांमार्फत येतो. त्यामुळे येथील दरात वाहतूक, हमाली, साठवणूक आणि मध्यस्थांचा नफा आधीच मिसळलेला असतो. बार्शी किंवा सोलापूरच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडले, हे या दरावरून कळत नाही.

दुसरा दोष नोंदीच्या स्वरूपातच आहे. दरपत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात आणि अभ्यासक सहसा तिसराच उचलतो. परंतु लोकवन व सिहोरचा शरबती यांच्या भावात मोठे अंतर असते. एखाद्या महिन्यात भारी गव्हाची आवक वाढली तर कोणत्याही एका वाणाचा भाव न वाढताही 'गव्हाचा दर' चढलेला दिसतो.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. गव्हाची नवी आवक साधारणतः मार्च ते मे या काळात होते. ऐपत असलेले कुटुंब याच सुमारास वर्षाचे धान्य भरते. रोजंदारीवर जगणारे कुटुंब श्रावण-भाद्रपदातही किलो-दोन किलोच घेत असते. वार्षिक सरासरी या दोहोंपैकी कोणाचीच किंमत नसते. महागाईचा भार कोणावर पडला हा ज्या अभ्यासाचा मूळ प्रश्न, त्याचे उत्तर सरासरी काढण्याच्या पहिल्याच पायरीवर हरवते.

दीर्घ कालखंडाच्या तुलनेतही अशीच सावधगिरी हवी. २००८-०९ च्या पिकासाठी गव्हाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला १०८० रुपये व संकरित ज्वारीची ८४० रुपये होती; २०२४-२५ च्या पिकासाठी ती अनुक्रमे २४२५ व ३३७१ रुपये झाली. म्हणजे गहू सुमारे सव्वादोन पट, तर ज्वारी चौपट. एकेकाळी गरिबाचे मानले गेलेले धान्य कागदावर तरी गव्हाहून महाग झाले. मात्र यावरून ज्वारी-उत्पादक सुखावला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. या वाढीतील मोठी उडी, १७०० वरून २४३० रुपयांची, २०१८-१९ मध्ये उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव देण्याच्या सूत्रामुळे आली. ती बाजारातील मागणीतून आलेली नव्हती. शिवाय गव्हाच्या तुलनेत ज्वारीची शासकीय खरेदी नगण्य असते. जाहीर किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी मांडल्याने त्या एक होत नाहीत.

शासकीय हस्तक्षेप वगळून काढलेला 'कल' हाही असाच फसवा. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली, जून २०२३ मध्ये साठामर्यादा लागू झाली, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली व सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. यांपैकी निर्बंधाचा प्रत्येक निर्णय शहरी ग्राहकाचा विचार करून घेतला गेला आणि त्याची किंमत उत्पादकाच्या चढत्या भावातून वसूल झाली. सरळ रेषेच्या आलेखात हे वळण केवळ 'चढउतार' म्हणून उरते.

वाशीचे दर टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नव्हे. वाण वेगळे ठेवून, मासिक दरांना आवकेचा भार देऊन आणि त्याच दिवसाचा एखाद्या उत्पादक बाजारपेठेतील दर शेजारी ठेवून पाहिल्यास हीच आकडेवारी दोन बाजारांमधील अंतर किती वाढले, कोणत्या महिन्यांत वाढले, हे दाखवू शकते.