दुष्काळातले ख्रिस्ती : भय, अगतिकता आणि श्रद्धा

‘तुम्ही दुष्काळातले ख्रिस्ती ना?’ असे शाळेत असताना मला एका मित्राने विचारले होते. त्यात टोमणा नव्हता. घरी ऐकलेले त्याने विचारले, इतकेच. माझी पणजी माणदेशातली. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गेल्यावर ती एका मिशनच्या अनाथालयात आली आणि तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे मित्र चुकीचे बोलला नव्हता. पण भुकेपोटी धरलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, असे एक अनुमान त्या प्रश्नात होते. ते कितपत टिकते, हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आणि सातारा-सांगलीच्या इतिहासाच्या आधारे तपासावे, असा या लेखाचा हेतू आहे.

माण-खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन पिळून काढले. त्यात १८९६ नंतर प्लेगची भर पडली. त्याच काळात साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन आणि सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन काम करीत होते. धान्य, औषध आणि उपदेश एकाच हातातून येत असल्यावर संशय येणे स्वाभाविक होते.

परंतु अगतिकतेने माणसे सरसकट धर्म बदलतात, हे मिरजेकडे पाहिले तर पटत नाही. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीत आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. लांबलांबून रुग्ण आले, प्रार्थना ऐकल्या, बरे झाले आणि बहुतेक जण आपापल्या देवांकडे परतले. एकच माणूस दवाखान्यात हात जोडीत होता, मिरासाहेबांच्या दर्ग्यात नवस बोलत होता आणि कुलदैवतालाही साकडे घालीत होता. भयाला पंथ नसतो. लोकांनी वानलेसवाडी हे नाव कृतज्ञतेने जपले, मात्र रुग्णांच्या संख्येच्या मानाने ख्रिस्ती समाज लहानच राहिला. लूकच्या शुभवर्तमानात बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत येतो. मिरजेचा हिशेब त्याहून फारसा निराळा नसावा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळले की हे गृहीतक उलटेच होते. त्या पुस्तकाच्या आरंभीच भीती आहे, आणि ती धर्मांतराच्या अलीकडची आहे. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. पुढे वडिलांना, म्हणजे नानांना, सोवळ्याने झपाटले. बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेण्याच्या त्यांच्या वेडाखाली सारे घर भरडले गेले. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात म्हणून आपण हसतो. पण ते एका घाबरलेल्या माणसाचे चित्र आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. नवऱ्याचा आधार गेला, समाजात तोंड दाखवणे अवघड झाले. अगतिकता हेच धर्मांतराचे कारण असते, तर त्यांनी तेव्हाच तो घ्यायला हवा होता. त्यांनी घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही काही काळ सोवळे सांभाळून, आणि विटाळाचे भय मनातून गेल्यानंतर. त्यांच्या बाबतीत श्रद्धेला भयाने जन्म दिला नाही, उलट तिची वाट अडवून धरली.

टिळकांचा प्रश्न वेगळा होता. ते स्वतः रेल्वेच्या डब्यात हाती आलेला नवा करार वाचून ख्रिस्ताकडे वळले. पण मिशनच्या पगारावर आणि आधारावर जगणारी मंडळी त्यांनी जवळून पाहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. या प्रयोगाची चर्चा बहुधा ख्रिस्ती धर्माच्या भारतीयीकरणाच्या अंगाने होते. मला त्यात आणखी काही दिसते : भाकरीची आणि श्रद्धेची गाठ सोडविण्याचा तो प्रयत्न होता. मिशनवर याहून कठोर टीका बाहेरच्यांनीही क्वचितच केली असेल. १९१९ मध्ये टिळक वारले आणि प्रयोग अपुरा राहिला.

आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्या तुकोबांनाही दुष्काळानेच उघडे पाडले होते. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळात दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांचे चित्त विठ्ठलापाशी जडले. त्यांना ‘दुष्काळी भक्त’ कोणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण भक्तीची पारख ती कुठून सुरू झाली यावरून होत नाही, पुढे तिचे काय झाले यावरून होते. मग हाच न्याय माझ्या पणजीला का नाही?

येथे एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. तुकोबा प्रौढ होते. पणजी सात-आठ वर्षांची पोर होती. ज्या हातातून भाकरी येते, त्या हाताला मूल नाही म्हणू शकत नाही. तो बाप्तिस्मा तिने निवडला, असे मी म्हणणार नाही.

पण निवडीची वेळ पुढे आली. मुलगा कमावता झाला, कणगी भरली; आता मिशनचे काही लागत नव्हते. तरीही दळण काढताना ती पहिली मूठ ज्वारी देवळासाठी बाजूला ठेवी. तीच बाई उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपे, हेही घरात सर्वांना ठाऊक होते. पूर्ण प्रीतीपुढे भय उरत नाही, अशी योहानाची शिकवण आहे. त्या कसोटीला पणजी उतरली नसती. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र आजारी मुलाचा एक बाप आहे. आपला विश्वास आणि अविश्वास तो एकाच दमात येशूपुढे ठेवतो, आणि येशू त्याला परत पाठवीत नाही. ‘दुष्काळातल्या’ श्रद्धेचे मोजमाप करायचे तर ते त्या बापाच्या मापाने करावे. मित्राच्या प्रश्नाला आज मी ‘हो’ म्हणेन, आणि त्या मुठीची गोष्ट सांगेन.