शाखा की फूल? एका प्रतिमानाचे परीक्षण

वनस्पतीच्या वाढत्या अग्राने शाखा व्हावे की फूल, याचा निर्णय जनुके करतात, हे विधान आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आहे. त्यामागील पुरावा भक्कम आहे. मोहरीच्या कुळातील अरेबिडोप्सिसमध्ये 'लीफी' हे जनुक निकामी झाले असता फुलांच्या जागी शाखा येऊ लागतात. 'टर्मिनल फ्लॉवर-१' निकामी झाले असता एरवी वाढतच राहणारा मुख्य अक्ष फुलात संपतो. लीफी सर्वत्र कार्यरत ठेवल्यास बाजूच्या शाखांचीही फुले होतात, हे वायगेल व निल्सन यांनी १९९५ मध्ये दाखविले. ही दोन जनुके परस्परांना आवर घालतात. परंतु यावरून जनुक म्हणजे दिव्याचे बटण, अशी समजूत करून घेतल्यास फुलोऱ्यांच्या विविधतेचा उलगडा होत नाही.

प्रुसिंकेविच, कोएन व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचे मोल नेमके येथे आहे. अग्राच्या शाखीय वृत्तीसाठी त्यांनी 'व्हेज' ही एकच बदलती राशी कल्पिली. ती चढी असता शाखा, उतरली असता फूल. सर्व अग्रांत ती एकसमयी उतरली तर परिमंजरी. नवजात पार्श्व अग्रांतच उतरली तर मंजरी. आणि शेंडा फुलत असता पार्श्व अग्रांत ती काही काळ चढी राहिली तर कुंठित फुलोरा. 'कोणते जनुक?' या प्रश्नाची जागा 'कोठे आणि केव्हा?' या प्रश्नाने घेतली, ही प्रगती निर्विवाद होय.

तथापि 'व्हेज' हे द्रव्य नव्हे, संकल्पना आहे. अरेबिडोप्सिसपुरता तिचा उपरोक्त दोन जनुकांशी संबंध लेखकांनी जोडला आहे. अन्यत्र मात्र, शाखा आली म्हणून 'व्हेज' चढी आणि 'व्हेज' चढी म्हणून शाखा आली, असे चक्र निर्माण होण्याचा धोका आहे. मग ती राशी कारण न राहता केवळ नाव उरते. टोमॅटोवरील २००८ मधील संशोधन या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे फूल होण्याची प्रक्रिया लांबली की फुलोऱ्याच्या शाखा वाढतात, असे आढळले. कालक्रमाचे महत्त्व त्याने सिद्ध होते. पण तो परिणाम घडविणारी जनुके या जोडीबाहेरची निघाली.

सारांश, प्रतिमानाची चौकट ग्राह्य आहे. तीतील राशीचा आशय प्रत्येक वनस्पतीत स्वतंत्रपणे, फुलोऱ्याचा आकार पाहण्यापूर्वीच मोजला पाहिजे. आकृती जुळणे म्हणजे कारण सापडणे नव्हे, हा विवेक अभ्यासकांनी सोडू नये.